हळदीच्या गाण्यातलं नाव

"आजी, दोनच गाणी हां. मग डीजे लावायचाय," म्हणत नवरीच्या काकानं माझ्या हातात माईक कोंबला. मी तो चटईवर ठेवून दिला. चाळीस वर्षं आगरी लग्नांत धवले गातेय मी. आमच्यात धवलारीण गायल्याशिवाय हळद लागत नाही. माझी कॅसेट गावोगाव वाजत होती, तेव्हा हा काका शेंबूड पुसत फिरत होता.

याच गावात मी नवरीच्या आईची, वनिताची हळद गायले होते. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता पाटावर तिची हर्षाली बसली होती. तीच हनुवटी, मान तशीच खाली.

मी डोळे मिटून सूर लावला. प्रत्येक कडव्यात नवरीचं नाव घ्यायचं असतं. तिसऱ्या कडव्याला माझ्यामागून म्हणणाऱ्या बायका गप्प झाल्या. डोळे उघडले, तर सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. तेव्हा कळलं, मी हर्षालीऐवजी वनिताचं नाव घेत होते. भर हळदीत, गेलेल्या बाईचं!

"बस झालं," काका तरातरा पुढे आला. "डीजे लावा."

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी जमिनीला हात टेकून उठायला लागले, तोच हळदीनं माखलेल्या हातानं हर्षालीनं माझा पदर धरला.

"काका, थांब जरा. आजी, पहिल्यापासून घे," ती म्हणाली. "आणि नाव आईचंच राहू दे."

मी चटईवरचा माईक उचलला.