चष्म्यावर चष्मा

ताईने नवी फ्रेम जुन्या चष्म्यावरच चढवली आणि आरशात बघितलं. धाकटी बहीण खो खो हसत सुटली. चष्मेवाल्यानेसुद्धा हसू लपवायला काचा पुसायचं फडकं तोंडाशी धरलं.

"हसा, हसा," ताई म्हणाली. "जुना काढला तर मला आरसाच दिसत नाही, तोंड काय कप्पाळ दिसणार?"

ते मात्र खरं होतं. ताईचा नंबर उणे नऊ. जुना चष्मा काढून बिनकाचेची फ्रेम घातली, की आरशात नुसता कणकेचा गोळा. आणि जुना घालावा तर त्याची एक काडी मोडलेली, दोऱ्याने आवळून बांधलेली.

"तुमचा चेहरा गोल आहे," चष्मेवाला म्हणाला. "गोल चेहऱ्याला जरा कोन असलेली फ्रेम खुलून दिसते. ही तपकिरी घेऊन बघा."

"ताटलीला चौकट ठोकली म्हणून तिची तसबीर होते का हो? मला आपली ती बिनकाठाची द्या. तोंडावर आहे की नाही ते कळूच नये अशी."

"तिच्यात तुमच्या नंबरची काच कडेने जाड दिसेल. बाटलीच्या बुडासारखी."

"दिसू दे. माझ्याकडे कोण बघतंय?"

धाकटीचं हसू तिथे थांबलं. बघणारा होता, तेच तर दुखणं होतं. ताई टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. तिथे दर आठवड्याला पार्सल घेऊन येणाऱ्या घड्याळजींनी तिला विचारलं होतं, रविवारी चहाला याल का म्हणून. भला माणूस, एकटाच. त्यांचं नाव निघालं की ताई उगाचच साडीचा पदर सारखा करायची. आणि बाईसाहेबांनी उत्तर काय दिलं? चष्मा मोडलाय, नवा आला की बघू! हे कानावर पडल्याबरोबर धाकटीने तिला हाताला धरून इथे आणून बसवलं होतं.

जुना चष्मा काढून ती तपकिरी फ्रेम धाकटीने स्वतःच ताईच्या नाकावर ठेवली आणि फोनवर फोटो काढला. ताईने जुना चष्मा डोळ्यांशी धरून फोटो पाहिला. तोंड असं केलं, जणू कडू औषधच प्यायली.

"पुस तो आधी. नाक बघ, त्यावर कोणीतरी बसल्यासारखं. आणि हे गाल! मेलं काहीच शोभत नाही मला. देखणी तू, तुला काय कळणार?"

घरात ही वाटणी फार पूर्वी होऊन गेली होती. ताई हुशार, धाकटी देखणी. कुणी केली देव जाणे, पण ताईने ती जन्मभर इमानाने पाळली. धाकटीला मात्र ती कधीच पटली नाही. वेणी घालताना आरशात तिला स्वतःच्या जागी ताईच दिसायची, आणि ती तिला फार आवडायची.

तिने फ्रेम स्वतःच्या डोळ्यांवर चढवली.

"बघ गं, मला कशी दिसते?"

ताईने दोरा बांधलेला चष्मा नीट बसवला. बहिणीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं.

"अगं बाई!" ती म्हणाली. "काय गोड दिसतेस गं! डोळे कसे टपोरे झाले. नाक तर इतकं तरतरीत आहे तुझं, माझ्या कधी लक्षातच नाही आलं. आणि गालांना काय सुंदर उठाव आलाय! घे, घे. तुला नंबर नसला तरी घे. दृष्ट काढायला हवी माझ्या बाईची."

चष्मेवाला एकीकडून दुसरीकडे बघत होता. "जुळ्या का?"

"छे हो! ही धाकटी माझी."

"असं होय? मला वाटलं, साचा एकच."

धाकटीने फोन ताईच्या हातात दिला. फोटो तिने पुसलाच नव्हता.

"ताई, हे नाक बघ. आणि आता माझं बघ. हे गाल, आणि हे माझे. आत्ता ज्यांना नावं ठेवलीस ना, त्यांचीच दृष्ट काढायला निघालीस तू."

"चल, काहीतरीच."

पण ताईने फोन खाली ठेवला नाही. फोटो पाहिला, बहीण पाहिली, पुन्हा फोटो पाहिला. मग तिने एक बोट स्वतःच्या नाकावरून हळूच खाली फिरवलं, अंधारात एखादी वस्तू चाचपावी तसं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तिने फ्रेम काढली नि उगाचच पुसत बसली.

"हीच द्या," ताई चष्मेवाल्याला म्हणाली. "तपकिरी."

"देतो की. पण तुमच्या नंबरच्या काचा बाहेरून मागवाव्या लागतात. पुढच्या आठवड्यावर जाईल."

धाकटी पुसायची थांबली. आता ताईला आयतंच निमित्त मिळालं. चष्मा नाही, मग रविवार नाही, आणि घड्याळजी तरी पुन्हा किती वेळा विचारणार?

"लवकर नाही का हो जमणार? हिला रविवारी एका ठिकाणी जायचंय," ती अगदी काकुळतीला येऊन म्हणाली.

"गप गं," ताई म्हणाली. तिने जुना चष्मा काढला, दातांनी दोऱ्याची गाठ आवळली आणि पुन्हा घातला. "चष्मा येईल तेव्हा येईल. तोंड तर तयार आहे ना?"