आठ नंबरचा डबा

अंधेरीच्या प्रयोगशाळेत गंधालीने फ्रीजरमधले दोन डबे काढून दशरथकाकांपुढे ठेवले. चार नंबर आणि आठ नंबर.

"काका, खरं सांगा. दोन्हींत एकाच जागचा माल भरलात ना?"

दशरथकाका इथले जुने शिपाई. समुद्राच्या तळाशी जिथे गॅस झिरपतो, तिथले शिंपले आणायला जहाज गेलं तेव्हा डबे त्यांनीच भरले होते. चार आणि आठ या जागांत तीनशे किलोमीटरचं अंतर, पण शिंपल्यांची जनुकं अशी जुळत होती की सगळे एकाच वस्तीतले वाटावेत. एवढ्या लांब पिल्लं वाहत जातात, या शोधावर गंधालीची पीएचडी उभी होती. परवा सादरीकरण. आणि आज सकाळी चेन्नईच्या परीक्षक सरांनी आकडे बघून नुसत्याच भुवया उंचावल्या होत्या.

तेव्हापासून तिच्या डोक्यात काकाच घोळत होते. बोट लागली असेल, कंटाळून एकाच ढिगातले दोन्हीकडे कोंबले असतील. त्यात मालवणचा माणूस, निम्मे शिंपले खायचे शिणाणे समजून रश्श्यातही गेले असतील.

"आठ नंबराक नुसतो चिखल गावलो, मॅडम," काका शांतपणे म्हणाले. "शिंपलो एक नाय."

"मग हा डबा कुठला?"

काकांनी चष्मा लावला आणि डब्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"ह्यो आठ नाय. मराठीतलो चार असा. चार नंबराक दोन डबे भरले. एकावर बोटीवरच्या सायबान इंग्रजीत लिवल्यान, एकावर मिया."

गंधालीने वाकून पाहिलं. ४. वरून थोडा उघडा राहिलेला. बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या तिला त्यात तीन वर्षं इंग्रजी आठच दिसत आला होता. तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. एकाच जागचे शिंपले एकमेकांशी जुळतात, एवढाच तिचा शोध होता.

तिने उठून दार लोटून घेतलं.

"काका," ती हलक्या आवाजात म्हणाली, "हा आकडा इथे आणखी कुणाला वाचता येतो?"

चष्म्यावरून तिच्याकडे बघत काकांनी डबा हळूच आपल्याकडे ओढून घेतला.