खोलीतला पेशंट

"आई गं!" हार्टकाका छाती आवळून पलंगावर आडवे झाले आणि एक डोळा किलकिला करून त्यांनी परिणाम पाहिला.

परिणाम शून्य होता. समोरच्या खुर्चीतले मोठे सर वैतागून म्हणाले, "पुरे. हे नाटक नाही, परीक्षा आहे. खरा पेशंट असा बोंबलतो का? बरेच जण गप्प बसून असतात. थोडा घाम, थोडी मळमळ, कधी नुसताच जबडा दुखतो. आणि वर आपल्यालाच सांगतात, मला काही झालेलं नाही."

काकांना हे चांगलंच झोंबलं. त्यांनी उभी हयात रंगभूमीवर काढली होती आणि त्यातली निम्मी मरण्यात. मरण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा नट नव्हता. निवृत्तीनंतर मेडिकल कॉलेजने त्यांना बरोबर हेरलं. डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेला ते खोटे पेशंट व्हायचे आणि त्यांच्या वाट्याला नेहमी हार्ट अटॅकच यायचा. म्हणून तर मुलं त्यांना हार्टकाका म्हणत.

परीक्षेचा नियम साधा होता, सगळं खोटं. विद्यार्थ्याने औषध सांगायचं, कोपऱ्यातल्या सिस्टरने "दिलं" म्हणायचं, आणि कोणी कोणाला काही द्यायचं नाही. ईसीजीचं मशिन खरं होतं, पण ते शोभेला. त्याचा कागद आधीच काढून ठेवलेला असे.

आत्ताच गेलेल्या विद्यार्थ्याने काकांना गॅस झालाय म्हणून घरी पाठवून दिलं होतं. सरांनी त्याची बिनपाण्याने केली. "छातीत जळजळ म्हटली की गॅस? मेला असता तो माणूस!" एवढं ओरडून ते घामाघूम झाले. आधीच आज लिफ्ट बंद असल्यामुळे जिना चढून आल्यापासून त्यांचं डोकं तापलेलं होतं. त्यांनी सिस्टरला एसी वाढवायला सांगितला. तिने अंगात स्वेटर घातला होता, तरी बिचारीने मुकाट वाढवला.

दार उघडलं आणि काकांनी घाईघाईने पुन्हा छाती आवळली. ती आली होती.

मागच्या खेपेला सरांनी नापास केलेली मुलगी. "सगळा वेळ कागदात डोकं घालून बसलीस," सरांनी तिला सुनावलं होतं. "खोलीत शिरल्याबरोबर आधी पेशंटकडे बघायचं!" ती रडत बाहेर गेली, आणि लगेच परत आत येऊन काकांची खाली पडलेली उशी उचलून देऊन गेली. तेव्हापासून काकांचा तिच्यावर जीव होता. आज पुन्हा गटांगळी खाल्ली तर पोरीचं वर्ष जाणार होतं. आज असं मरायचं की आंधळ्यालाही निदान करता यावं, असं काकांनी घरूनच ठरवून आणलं होतं.

"काका, कधीपासून दुखतंय?"

"सकाळपासून, बाळ. जिना चढलो आणि सुरू झालं."

"जळजळ होते की दाबल्यासारखं वाटतं?"

"दाबल्यासारखं! छातीवर कोणी बसलंय जणू!"

सुरुवात तर झकास झाली. पण मग तिची मान वळली आणि ती सरांकडे बघायला लागली.

काकांनी कण्हण्याची पट्टी चढवली. "डावा हात! गेला हो माझा डावा हात!"

"हो काका," ती म्हणाली खरी, पण नजर पुन्हा तिकडेच. सर गालाला हात लावून, दात आवळून बसले होते. म्हणजे पारा चढलाय, हे काकांना अनुभवाने ठाऊक होतं.

"माझ्या तोंडाकडे काय बघतेस? उत्तर तिथे लिहिलेलं नाही," सर पुटपुटले.

सिस्टरने ईसीजीचा कागद पुढे केला. मुलीने त्यावर नजर टाकली. "हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक आहे. ॲस्पिरिन चावायला द्या. कॅथलॅबला कळवा, बंद पडलेली रक्तवाहिनी लगेच उघडावी लागेल."

"दिलं. कळवलं," सिस्टर म्हणाली.

काकांना मरणं सोडून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आता घंटा होईपर्यंत फक्त पेशंटजवळ उभं राहायचं होतं. पण ही बया सरांच्या टेबलाकडे टक लावून उभी! तिथे सरांचा बिनसाखरेचा चहा तसाच गार होऊन पडला होता. हिला ऐन परीक्षेत चहाची तलफ आली की काय, काकांना कळेना. पोरगी हातातोंडाशी आलेला घास घालवणार होती.

"सिस्टर," ती म्हणाली, "खरी ॲस्पिरिन आणा. आणि कॅथलॅबला खरोखर फोन करा."

काकांनी कपाळावर हात मारला. खेळ खलास.

"डोकं फिरलंय का तुझं?" सर म्हणाले. आवाजात नेहमीचा जोर नव्हता. "परीक्षेत खरं काही मागवत नाहीत. नापास करीन."

"करा, सर." ती थेट शोभेच्या मशिनकडे गेली आणि ते ढकलत पलंगाशी घेऊन आली.

काकांना फार वाईट वाटलं. निदान आपल्याकडून तरी कसर नको म्हणून त्यांनी शर्टाची बटणं काढायला घेतली.

"राहू द्या, काका. तुम्ही उठा. पलंग रिकामा करा."

भर प्रवेशात, मरता मरता, काकांना आजवर कोणी उठवलं नव्हतं. तरी ते उठले.

मुलगी खुर्चीपाशी गेली. तिने सरांचं मनगट हातात घेतलं, नाडीवर बोटं ठेवली आणि हळूच म्हणाली, "सर, चला. इथे आडवे व्हा."

सरांनी कपाळावरचा घाम पुसला.

"मला," ते म्हणाले, "काही झालेलं नाही."