उशाशी दिवा

स्वमग्न लेक सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा घराबाहेर राहणार होती. वसतिगृहातल्या खोलीत तिचं सामान लावताना आईच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. “तिला गोंगाट सोसत नाही. अंगाला हात लावू नका. आणि हा दिवा उशाशी लागतोच, नाहीतर झोपत नाही.” मदतनीस बाई लेकीकडे वळल्या. “तुला काय हवंय गं?” “अहो, ती बोलत नाही,” आई म्हणाली. “टाइप करते ना? थांबूया की,” लेकीच्या हातातल्या टॅबलेटकडे बघत बाई म्हणाल्या. आईने कशीबशी जीभ आवरली. बऱ्याच वेळाने लेकीने टॅबलेट पुढे केला. “दिवा आईला लागतो. मला अंधार आवडतो.” आईने ते दोनदा वाचलं. “अगं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?” लेकीने टाइप केलं, “तू विचारलंच नाहीस.” मग तिने दिवा उचलून आईच्या पिशवीत ठेवला आणि पुन्हा टाइप केलं, “घेऊन जा. घरी आता तू एकटीच असशील.”