दर्याकडं तोंड

रेवदंड्याच्या वाळूत सोनूबाईनं सकाळी जवळा सुकत घातला होता. दुपारी पाहते तर सगळ्या जवळ्याची तोंडं दर्याकडं, आणि एकेकाच्या गालफडात तांबडी पुळी, आत काहीतरी शिरल्यासारखी.

“मैने, जवळा परतायला सांगितला का रांगोळी काढायला?” ती सुनेवर कडाडली.

“आत्याबाय, मी हातबी न्हाय लावला.”

सोनूबाईनं खराट्यानं जवळा विस्कटला. आगबोटीचा भोंगा विरतो न विरतो, तोच मेलेला जवळा पुन्हा दर्याकडं वळला.

ती चवताळली. जवळा म्हणजे दर्याचा दाणा. दाणा मांदेलीच्या पोटी, मांदेली माणसाच्या ताटी. त्या दाण्यात शिरायची कुणाची हिंमत? तिनं मांदेलीची टोपली उघडली. सगळी मांदेली दर्याकडं तोंड करून पडलेली.

“कोण हाय रं मेल्या? आमच्या घासात घुसतोस? पोटुशी सून हाय माझी! सकाळीच ह्या मांदेलीचं कालवण जेवली ती!”

बोलता बोलता तिनं वळून पाहिलं. मैना दर्याकडं पाहत उभी होती. सोनूबाईनं तिला खस्सकन घराकडं फिरवलं, पोटावर हात ठेवून घट्ट कवटाळलं.

मैना घराकडंच तोंड करून उभी राहिली. हाताखालचं बाळ मात्र हळूच वळलं, दर्याकडं.