मंचावरच्या वावराचे गुण

सेवा क्लबच्या वक्तृत्व स्पर्धेत व्हर्नाची बोलायची पाळी आली, तसा अध्यक्ष लाइल मंचाच्या पाच पायऱ्या उतरून तिच्या व्हीलचेअरपाशी आला. "तू आपली खालूनच बोल. सगळी घरचीच माणसं आहेत," म्हणत त्यानं माइक तिच्या हातात दिला. निधी जमवायला क्लब भरवतो त्या पॅनकेक-न्याहारीचं पीठ तेवीस वर्षं कालवणारी व्हर्ना खालूनच बोलली. ती थांबली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला.

पहिलं बक्षीस मात्र डेलबर्टला मिळालं. क्लबनं गावात व्हीलचेअरवाल्यांसाठी बांधून दिलेल्या एकेचाळीस रॅम्पवर तो भरभरून बोलला होता.

लाइल पुन्हा खाली येऊन तिच्या कानाशी वाकला. "खरं सांगू, भाषण तुझंच सरस होतं. पण मंचावरच्या वावराला दहा गुण असतात ना, तिथं तुला शून्य द्यावं लागलं. नियमापुढे आपण काय करणार? मनाला लावून घेऊ नकोस हं."

"छे रे," व्हर्ना म्हणाली.

लाइलनं सगळ्या स्पर्धकांना फोटोसाठी मंचावर बोलावलं, आणि स्वतः वर चढता चढता आपला फोन तिच्या मांडीवर ठेवला.

"तू खालीच आहेस, तर फोटो तूच काढ."