बत्तीस फुटांचं अंगण

लोखंडी रूळ भिंतीवरून चार फूट पलीकडे गेले होते. थेट थोरल्या अभिमनभाऊच्या खाटेवर.

नवलसरांनी कपाळाला हात लावला. निवृत्तीनंतर माणसाने एकच हौस केली होती: अंगणात दुर्बिणीची खोली आणि तिला चाकांवर सरकणारं छत. "मास्तरनी घरले चाकं लाई दिधात," म्हणून सोनगीरभर चेष्टा झाली, तीही त्यांनी हसत झेलली. पण आता छत पुरतं सरकायचं, तर शेवटचे दोन खांब थोरल्या भावाच्या अंगणात रोवावे लागणार होते. आणि थोरल्याशी पाच वर्षं बोलणं नव्हतं. वाटणीत नळावरून बिनसलं आणि अंगणाच्या मधोमध भिंत आली.

"माप चुकलंच कसं?" सर वेल्डर रोहिदासवर खेकसले.

रोहिदासने खिशातून कागद काढला. "सर, अक्षर तुमचंच शे."

'अंगण बत्तीस फूट.' सरांनी टेप लावलाच नव्हता. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, काळापासून पाठ असलेला आकडा लिहून दिला होता. त्यात वीस फुटी रूळ सहज मावत होते; भिंतीअलीकडे मात्र सोळाच फूट उरले होते.

"रूळ कापू?"

"कापले तर छत अर्धंच उघडेल."

"मग भाऊला विचारा."

त्यापेक्षा दुर्बीण विकलेली बरी, असं सरांना वाटलं. जीव मात्र तुटत होता.

तेवढ्यात भिंतीवर अभिमनभाऊचं पांढरं डोकं उगवलं. त्याने सगळं ऐकलं होतं. रोहिदासच्या हातातला कागद घेऊन त्याने दोनदा वाचला.

"हाई ते आबाना आंगननं माप शे," तो भिंतीवर थाप मारत म्हणाला. "तुना डोकामा भीत नहीच का रे?"

चोरी पकडली गेल्यासारखी सरांनी मान खाली घातली. "नही, भाऊ."

डोकं खाली गेलं. मग पलीकडून पहारीचे घाव ऐकू येऊ लागले. सरांनी स्टूलवर चढून पाहिलं. खाट बाजूला ओढलेली होती आणि भाऊ खांबासाठी खड्डा खणत होता.

त्याने पायाखालच्या जागेकडे, मग वर आभाळाकडे बोट केलं. "पण नवल, उन्हाळाभर मी आठेच झोपस. तुनं छत मनं आभाय झाकी टाकी. मंग मी काय देखू?"

भाऊने पहारीला टेकून घाम पुसला.

"दोन खाटा मावतीन ना तुना खोलीमा?"